तिघांची गाणी, इतरांचे हात

माझा भाचा गेली काही वर्षे ड्रम्स शिकतो आहे. घर फ्लॅटमधले असल्यामुळे त्याच्याकडे रबरी पॅडचा इलेक्ट्रॉनिक संच आहे. तो वाजवत असताना गाणे त्याच्या हेडफोनमध्ये असते आणि खोलीत बसलेल्या माणसाला नुसती काठ्यांची टपटप आणि पायाखालच्या पेडलची धप तेवढी ऐकू येते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी त्याच्या खोलीत वर्तमानपत्र चाळत बसलो होतो आणि ती टपटप ऐकता ऐकता एकदम लक्षात आले, की हा 'वायवायझी' वाजवतो आहे. सूर नव्हते, नुसते आघात होते, तरी ती सुरुवात ओळखायला तेवढे पुरेसे होते. मी विचारले, तेव्हा त्याने हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवला. आत वाजत होते ते कॅनडाच्या 'रश' या तिघांच्या रॉक बँडचे १९८१ चे मूळ ध्वनिमुद्रण नव्हते, तर १९९६ मध्ये निघालेल्या 'वर्किंग मॅन' या ट्रिब्यूट अल्बममधले वादन होते. रॉकच्या जगातल्या नामवंत वादकांनी आणि गायकांनी एकत्र येऊन रशची तेरा गाणी पुन्हा वाजवली होती, तो हा अल्बम. "मामा, ओरिजिनलपण ऐकलंय मी," तो म्हणाला, "पण हे जास्त घट्ट वाजवलंय. त्या जुन्यात मधेमधे फार मोकळं मोकळं वाटतं." एवढे बोलून त्याने हेडफोन परत घेतला आणि तो पुन्हा वाजवू लागला.

त्याचे बोलणे मला खोडता आले नाही, आणि ते मनातून गेलेही नाही.

न जाण्याचे एक कारण असे, की रशच्या संगीतात मी स्वतः याच दाराने शिरलो होतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या वसतिगृहात एका मित्राच्या भावाने अमेरिकेहून पाठवलेल्या काही सीडी होत्या आणि त्यांत हा अल्बम होता. मूळ बँडचे एकही ध्वनिमुद्रण त्या वेळी आमच्यापैकी कोणाकडे नव्हते. त्यामुळे पहिल्या गाण्यात सेबॅस्टियन बाखचा तो खरखरीत, छाती फोडून येणारा आवाज ऐकू आला आणि त्याच्याखाली बिली शीहानचा बास गुरगुरू लागला, तेव्हा माझ्या लेखी तेच मूळ होते. जेक ई. लीची गिटार, माइक पोर्टनॉयचे ड्रम्स, सगळे भरगच्च, सगळे पुढे आलेले. पावसाळ्यात ओल्या भिंतींच्या त्या खोलीत, एका मुलाच्या छोट्या स्पीकरवर आम्ही ते इतके ऐकले, की शेजारच्या खोलीतली मुलेही त्या तालात दार वाजवू लागली. पुढे पुष्कळ दिवसांनी रशच्या मूळ कॅसेटी हाती आल्या आणि बँडचा गायक आणि बासवादक गेडी ली याचा उंच, पातळ, कानात टोचणारा आवाज पहिल्यांदा ऐकला, तेव्हा झालेली निराशा मला आजही आठवते. त्या निराशेत थोडे कुतूहलही मिसळलेले होते. या आवाजात असे काय होते, की त्याच्याहून भारदस्त गळ्यांच्या माणसांनी येऊन त्याला मान द्यावा?

हा अल्बम काढणारी कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची, मॅग्ना कार्टा रेकॉर्ड्स. रॉचेस्टर हे ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिण काठाशी आहे आणि रशचे टोरांटो त्याच सरोवराच्या उत्तर काठावर. मधले पाणी आणि देशांची सीमा सोडली, तर ही जवळजवळ शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना दिलेली दाद म्हणता येईल. कंपनीने १९९५ मध्ये 'येस' आणि 'जेनेसिस' या इंग्लिश बँडना असे अल्बम वाहिले होते, १९९६ मध्ये 'जेथ्रो टल' आणि रश यांना, आणि १९९९ मध्ये 'इमर्सन, लेक अँड पामर' यांना. प्रोग्रेसिव्ह रॉकला त्या काळी बरे दिवस नव्हते. वीस-वीस मिनिटांची गाणी, विषम मात्रांचे ताल आणि पुराणकथांसारखे शब्द हे सारे समीक्षकांच्या दृष्टीने केव्हाच मोडीत निघाले होते. अशा वेळी त्या संगीतावर वाढलेल्या वादकांनी एका लहान कंपनीच्या छत्राखाली जमून आपल्या दैवतांची गाणी वाजवावीत, यात धंद्याचा भाग असणारच, पण निष्ठेचा भाग त्याहून मोठा होता असे मला वाटते. रशच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी होती. हा बँड हयात होता, कामात होता. 'टेस्ट फॉर एको' हा त्यांचा स्वतःचा नवा अल्बम त्याच वर्षी आला. ज्यांना मान द्यायचा ते तिघे पलीकडच्या काठावर आपले नवे काम करत असताना, त्यांची जुनी गाणी अलीकडच्या काठावर दुसरेच कोणी वाजवत होते.

गाण्यांची निवड पाहिली, की हा अल्बम कोणासाठी आहे ते कळते. रश म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला जे गाणे आठवेल ते 'टॉम सॉयर' यात नाही. 'लाइमलाइट' नाही, 'द स्पिरिट ऑफ रेडिओ' नाही. ज्या अल्बमने १९७६ मध्ये या बँडला बुडण्यापासून वाचवले, त्या '२११२' मधली एकही ओळ नाही. त्याऐवजी 'बाय-टॉर अँड द स्नो डॉग' आहे, 'जेकब्ज लॅडर' आहे, 'नॅचरल सायन्स' आहे, 'ला व्हिला स्ट्रँजिआटो' आहे. ही गाणी रेडिओवर लागणारी नाहीत. ती अशी आहेत, की पंधरा-सोळाव्या वर्षी एखादा मुलगा दार लावून, तबकडीवरची सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन, बोटे दुखेपर्यंत बसवत राहतो. तेरा गाण्यांपैकी फक्त 'मिशन' हे १९८७ चे आहे. बाकी सारी १९७४ ते १९८२ या आठ वर्षांतली, म्हणजे निर्माता टेरी ब्राऊन बँडच्या सोबत असतानाच्या काळातली. आणि तेच टेरी ब्राऊन या ट्रिब्यूटच्या ध्वनीच्या कामातही होते. ज्या माणसाने मूळ गाणी आकाराला येताना कन्सोलपाशी बसून ऐकली, त्याच माणसाने ती इतरांच्या हातून वाजताना पुन्हा ऐकली. त्याला त्या वेळी काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

वाजवणारी माणसेही कुठून कुठून आली होती ते पाहण्यासारखे आहे. सेबॅस्टियन बाख 'स्किड रो'मुळे अमेरिकी हेवी मेटलचा चेहरा झाला, पण वाढला तो टोरांटोपासून फार लांब नसलेल्या पीटरबरो या गावी. 'रेड बार्केटा' गाणारा जेम्स लाब्री त्याच ऑन्टॅरिओ प्रांतातल्या पेनेटँग्विशीनचा. 'नॅचरल सायन्स'ला आपला फाटका, वेडावलेला आवाज देणारा डेव्हिन टाउनसेंड कॅनडाच्या दुसऱ्या टोकाचा, ब्रिटिश कोलंबियाचा. या तिघांसाठी रश हा परक्या देशातून आलेला चमत्कार नव्हता. आपल्या शाळेसारख्याच शाळेत शिकलेल्या, आपल्यासारख्याच बर्फाळ उपनगरात कंटाळलेल्या मुलांनी जग जिंकल्याचा तो पुरावा होता. गिटारवादक स्टीव्ह मोर्सचा बँड ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रशच्या कार्यक्रमांआधी वाजवत असे आणि शीहानचा 'मिस्टर बिग' १९९० च्या दौऱ्यात. म्हणजे आपले वादन संपल्यावर हे लोक रंगमंचाच्या कडेला उभे राहून त्या तिघांना जवळून पाहू शकत होते. 'क्लोजर टू द हार्ट' वाजवणाऱ्या 'फेट्स वॉर्निंग'ने १९९१ चा आपला 'पॅरलल्स' टेरी ब्राऊनकडूनच करून घेतला होता. आणि पोर्टनॉयची गोष्ट तर या पंथात सर्वांना पाठ आहे. बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयात शिकत असताना तो रशच्या तिकिटांसाठी मित्रांबरोबर रांगेत उभा होता, 'बॅस्टील डे' वाजत होते, आणि त्या गाण्याच्या शेवटाला तो 'मॅजेस्टिक' म्हणाला. त्या उद्गारावरून त्यांच्या नव्या बँडचे नाव 'मॅजेस्टी' पडले, आणि तोच बँड पुढे 'ड्रीम थिएटर' झाला. अशा माणसाच्या हाती १९९६ मध्ये ही गाणी आली, तेव्हा ती त्याला शिकावी लागली नसतील. ती त्याच्या मनगटात आधीच होती.

मग प्रश्न उरतो तो भाच्याने विचारलेला, म्हणजे न विचारता सांगून टाकलेला. हे जास्त घट्ट का वाटते?

मी मुद्दाम दोन्ही 'वायवायझी' एकापाठोपाठ एक ऐकले, एकदा रात्री घरात आणि एकदा गाडी चालवताना. या तुकड्याचा पाया मोर्स संकेतात, म्हणजे लांब खुणा आणि टिंबे यांनी अक्षरे पाठवणाऱ्या तारेच्या भाषेत आहे. टोरांटोच्या विमानतळाचा संकेत म्हणजे वाय, वाय आणि झी ही अक्षरे. विमानांना दिशा दाखवण्यासाठी ती तारेच्या भाषेत प्रक्षेपित होत असतात आणि विमानातून घरी परतताना ती बँडच्या कानांवर पडली. लांब खुणेला एक मात्रा आणि टिंबाला अर्धी मात्रा धरली, तर पहिला वाय साडेतीन मात्रांचा, दुसराही साडेतीनचा आणि झी तीनचा होतो. एकूण दहा. आपल्याकडे झपताल ऐकत वाढलेल्या माणसाला दहा मात्रा नवीन नाहीत, पण त्यांचे साडेतीन-साडेतीन-तीन असे विभाग झाल्यावर हात मांडीवर पडायचा तिथे पडत नाही आणि सम जवळ असूनही निसटल्यासारखी वाटते. मूळ ध्वनिमुद्रणात ही अक्षरे सुरुवातीला लहान झांजांसारख्या धातूच्या चकत्यांवर एकट्याने वाजतात. त्यांच्याभोवती काही नाही. मग गिटार आणि बास त्या संकेतावर येऊन आदळतात आणि आदळूनही तिथली जागा भरून टाकत नाहीत. बँडचा गिटारवादक लाइफसन एकल वादनासाठी वर निघून जातो, तेव्हा त्याच्या मागे दुसरी गिटार आधाराला धरायला कोणी नसते. ते काम गेडी लीचा बास करतो. तोच कीबोर्डवरही हात टाकतो, त्याच्याच पायाखाली खर्जाची पेडल असतात, आणि एवढे करून, गाणे असेल तर, तोच गात असतो. तिघांच्या बँडमध्ये कोणी एक जण जागा सोडून गेला, की तिथे भोक पडते आणि उरलेल्या दोघांना धावावे लागते. भाच्याला जो मोकळेपणा जाणवला तो हाच होता. रशच्या संगीतातले पुष्कळसे चैतन्य मला या धावपळीत दिसते.

ट्रिब्यूटमध्ये ही वेळ येत नाही. तिथे गाण्यागणिक माणसे बदलतात. गायक फक्त गातो, बासवाला फक्त बास वाजवतो, कीबोर्डसाठी वेगळा माणूस असतो. ज्याने त्याने आपले काम चोख केलेले आहे, आणि कोणालाच दुसऱ्याच्या जागी धावायचे नसल्यामुळे सगळी भिंत एकसंध उभी राहते. ती घट्ट आहे, यात शंका नाही. मात्र जितक्या वेळा मी ती ऐकतो तितक्या वेळा मला हे जास्त स्पष्टपणे कळत जाते, की त्या तिघांनी स्वतःवर केवढे ओझे घेतले होते. एका गेडी लीच्या वाटणीचे काम करायला येथे दोन-तीन माणसे उभी करावी लागली. गाजलेल्या, प्रत्येकी आपापल्या क्षेत्रात मानल्या गेलेल्या कलावंतांनी मिळून दिलेली ही दाद त्या अर्थाने शब्दांत सांगता आली नसती. ती वाजवूनच दाखवावी लागली.

यात एक अडचणीची जागा आहे आणि ती विशेषतः ड्रमर मंडळींची आहे. आपल्या संगीतात बंदिश ठरलेली असते आणि तिची मांडणी गाणाऱ्याने करायची असते. एकच बंदिश किराणा घराण्याच्या गळ्यातून वेगळी येते आणि ग्वाल्हेरच्या गळ्यातून वेगळी, आणि श्रोता तो फरक ऐकण्यासाठीच बसलेला असतो. रॉकमध्ये मात्र ध्वनिमुद्रण हीच बंदिश आणि तेच गायनही. आणि रशचा नील पिअर्ट तर असा ड्रमर, की तो आपले वादन अक्षरशः रचत असे. कोणत्या ओळीनंतर कोणता तुकडा, तो कोणत्या ड्रमवरून सुरू होऊन कोणत्या झांजेवर संपणार, हे ठरलेले असे आणि मैफलीतही तो ते बहुतांशी तसेच वाजवी. म्हणूनच रशच्या कार्यक्रमांत हजारो श्रोते हवेत काठ्या चालवताना दिसतात आणि सगळ्यांचे हात एकाच वेळी एकाच दिशेला जातात. श्रोत्यांना ते पाठ आहे. अशा वादनाला मान द्यायचा, तर ते जसेच्या तसे वाजवायचे की आपले काही घालायचे? तसेच वाजवले तर आपण उगाच वाजवले असे होते, आणि बदलले तर लोकांच्या हातांनी धरलेली वाट चुकते. पोर्टनॉय या अल्बममध्ये दोन्ही करू पाहतो. ठळक जागा तो तशाच ठेवतो आणि त्यांच्या मधल्या जागांत स्वतःचे हात सोडतो. तरुणपणी मला ते सोडलेले हात फार आवडायचे. आता कधी कधी वाटते, की तिथे थोडे थांबला असता तर बरे झाले असते. दोन्ही मते माझ्या मनात एकत्र राहतात, आणि त्यांतले एक काढून टाकावे असे मला अजून वाटलेले नाही.

'ला व्हिला स्ट्रँजिआटो'च्या बाबतीत मात्र माझे मत पक्के आहे. साडेनऊ मिनिटांचे, बारा विभागांचे, शब्दांवाचूनचे हे वादन लाइफसनच्या विचित्र स्वप्नांतून आले. १९७८ मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत बँडने ते एका दमात ध्वनिमुद्रित करण्याचा हट्ट धरला आणि तो पुरा होईना, तेव्हा अखेर तुकड्यांत केले. ट्रिब्यूटमध्ये ती गिटार स्टीव्ह मोर्सच्या हाती आहे. मोर्सचा प्रत्येक स्वर सुटा, स्वच्छ, टाकाने कोरल्यासारखा येतो, आणि त्याचे तंत्र लाइफसनहून सरस आहे हे मान्य करायला मला काही वाटत नाही. परंतु या रचनेच्या मध्यभागी एक संथ भाग आहे. तिथे लाइफसन आवाजाची कळ हळूहळू उघडत स्वरांना मागून फुगवत आणतो, आघात ऐकूच येत नाही, आणि स्वर कुठून आला ते कळायच्या आत तो रडवेला होऊन वर चढलेला असतो. झोपेत दिसलेली गोष्ट जशी आकार बदलते, तसे ते घडते. मोर्सच्या वादनात ही जागा सुंदर आहे, पण ती जागेपणी वाजवलेली आहे. लाइफसनच्या बोटांत जे आहे ते सफाईच्या अलीकडचे आहे आणि ते उचलून नेता येत नाही. हा अल्बम ऐकला नसता, तर लाइफसनची ही गोष्ट मला इतक्या नेमकेपणाने कधीच सांगता आली नसती, कारण मूळ ऐकताना आपण त्यात बुडालेले असतो आणि बुडालेल्या माणसाला पाण्याचा रंग दिसत नाही.

ज्यांना हा मान दिला गेला त्यांनी स्वतः असा मान कसा दिला, हेही पाहिले पाहिजे. जॅझ ड्रमर बडी रिच १९८७ मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ १९९१ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या मैफलीत त्यांच्या मुलीच्या निमंत्रणावरून पिअर्टने त्यांच्या बिग बँडबरोबर वाजवले, आणि ते वादन त्याच्या स्वतःच्या मनाला उतरले नाही. रॉकमधला सर्वांत नावाजलेला ड्रमर तिथे नवख्यासारखा उभा होता. मग १९९४ मध्ये त्याने 'बर्निंग फॉर बडी' हा ट्रिब्यूट अल्बम स्वतः निर्माता म्हणून केला. मॅक्स रोच, बिल ब्रुफर्ड, स्टीव्ह स्मिथ, सायमन फिलिप्स, ओमर हकीम असे एकाहून एक वादक त्याने बडी रिच यांच्या बँडपुढे आणून बसवले आणि तो स्वतः बहुतेक वेळ काचेपलीकडे बसून ऐकत राहिला. त्या ऐकण्याचा परिणाम असा झाला, की स्टीव्ह स्मिथच्या हातांतला बदल पाहून पिअर्ट त्याचे गुरू फ्रेडी ग्रूबर यांच्याकडे शिकायला गेला. त्याने काठी धरण्याची पद्धत बदलली, बसण्याची पद्धत बदलली, वीस वर्षे जगाने डोक्यावर घेतलेले हात मोडून पुन्हा घडवले. 'टेस्ट फॉर एको'वर वाजलेले हात हे ते नवे हात आहेत. म्हणजे १९९६ मध्ये पोर्टनॉय आणि इतर मंडळी पिअर्टचे जुने वादन प्राणपणाने जपून वाजवत होती, तेव्हा खुद्द पिअर्ट ते वादन मागे टाकून विद्यार्थी झालेला होता. या दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या हे लक्षात आले, त्या दिवशी मी बराच वेळ दुसरे काही ऐकू शकलो नाही.

पुढच्याच वर्षी त्याची मुलगी अपघातात गेली आणि त्यानंतरच्या वर्षी पत्नी.

तो मोटरसायकलवर निघून गेला आणि रश थांबला. त्या काळात हा ट्रिब्यूट अल्बम आम्ही वसतिगृहात ऐकत होतो आणि आम्हाला यांपैकी कशाचीही कल्पना नव्हती. बँड पुन्हा उभा राहिला तो २००२ मध्ये, आणि २००४ मध्ये, तिघे एकत्र आल्याला तीस वर्षे झाली तेव्हा, त्यांनी 'फीडबॅक' काढला. त्यात त्यांनी 'द हू', 'क्रीम', 'यार्डबर्ड्स' अशा, आपल्या मुलपणी ऐकलेल्या बँडची आठ गाणी वाजवली. आयुष्यभर स्वतःची गुंतागुंतीची रचना करणारी ही माणसे तिथे सरळ चार मात्रांत, खदखदून आनंदाने वाजवताना ऐकू येतात. समीक्षकांनी ज्यांना वर्षानुवर्षे नाके मुरडली, त्या बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला तो २०१३ मध्ये. तिथे त्यांचे स्वागत करणाऱ्या 'फू फायटर्स' या बँडच्या डेव्ह ग्रोल आणि टेलर हॉकिन्स यांनी '२११२'च्या काळातले त्यांचे पांढरे पोशाख आणि लांब केस चढवून त्याची नांदी वाजवली. संस्थेला जे उमगायला इतका काळ लागला, ते वादकांना फार आधीपासून ठाऊक होते, आणि 'वर्किंग मॅन' हा अल्बम त्याचा लेखी दाखला म्हणून सतरा वर्षे आधीच अस्तित्वात होता. ७ जानेवारी २०२० रोजी मेंदूच्या कर्करोगाने पिअर्ट गेला. २०२२ मध्ये टेलर हॉकिन्सच्या स्मरणार्थ लंडनमध्ये मैफल झाली, तेव्हा ली आणि लाइफसन दोघेच मंचावर आले आणि त्यांच्यामागे 'वायवायझी'साठी बसला तो ओमर हकीम, तोच, ज्याला पिअर्टने अठ्ठावीस वर्षांपूर्वी बडी रिच यांच्यासाठी बोलावले होते.

या सगळ्यांत मला सर्वांत अधिक विचार करायला लावते ते या अल्बमचे नाव आणि पहिले गाणे. 'वर्किंग मॅन' हे १९७४ च्या पहिल्या अल्बममधले. क्लीव्हलंडच्या डब्ल्यूएमएमएस या केंद्रावर डॉना हॅल्पर यांनी ते लावले आणि कारखान्यांच्या त्या शहरातल्या कामगारांनी हा अल्बम कुठे मिळेल म्हणून फोन सुरू केले. रशचे नशीब तिथे फिरले. पण त्या ध्वनिमुद्रणात ड्रम्सवर पिअर्ट नाही. तिथे जॉन रट्सी आहे, जो त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणाने बाहेर पडला. पिअर्ट आला तो जुलै १९७४ च्या अखेरीस, आणि आल्याबरोबर त्याला दुसऱ्याचे गाणे वाजवावे लागले. १९७६ चा मॅसी हॉलमधला थेट अल्बम ऐकला, तर दोनच वर्षांत त्याने त्या साध्या, जड पावलांच्या ठेक्याचे काय केले ते कळते. तो ठेका त्याने मोडला नाही, त्याच्या आतल्या रिकाम्या जागा शोधून तिथे स्वतःचे घर बांधले. पुढे २०१० च्या दौऱ्यात बँडने त्याच गाण्याची सुरुवात रेगेच्या ढंगात केली. आणि १ ऑगस्ट २०१५ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या फोरम या सभागृहात शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा तो काळाच्या उलट्या क्रमाने बांधलेला होता, नव्या गाण्यांकडून जुन्यांकडे. त्यामुळे सर्वांत शेवटी जे वाजले ते 'वर्किंग मॅन'. म्हणजे पिअर्टने रशबरोबर वाजवलेले अखेरचे गाणे मुळात दुसऱ्या ड्रमरचे होते आणि चाळीस वर्षे तो ते त्याला आणि स्वतःला, दोघांनाही सांभाळून वाजवत आला होता. ट्रिब्यूट अल्बमवर आलेले वादक त्या एका गाण्यात काही नवीन संकटात सापडले नव्हते. त्यांच्या दैवताने तीच परीक्षा आधी दिलेली होती.

२०२५ च्या ऑक्टोबरात ली आणि लाइफसन यांनी जाहीर केले, की २०२६ मध्ये ते पुन्हा दौऱ्यावर निघतील, सुरुवात त्याच फोरममधून होईल, आणि ड्रम्सवर जर्मनीची आनिका निलेस असेल. तिने गिटारवादक जेफ बेक यांच्याबरोबर वाजवलेले आहे, आणि तिच्या हातांत फंकची लवचीक चाल आहे, जी पिअर्टच्या कोरीव कामापेक्षा पुष्कळ वेगळी आहे. अनेक चाहत्यांना भीती वाटते, की ठरलेल्या जागा चुकतील. मला त्या जागांची एवढी काळजी नाही. 'वायवायझी'चे साडेतीन-साडेतीन-तीन ती सांभाळेलच, आणि 'टॉम सॉयर'मधले ते प्रसिद्ध तुकडे लोक तिला चुकू देणार नाहीत. मला कुतूहल आहे ते 'वर्किंग मॅन' आले तर तिथे ती काय करील याचे, कारण तिथे तिच्यासमोर एक नाही, दोन माणसे असतील. १९९६ च्या ध्वनिमुद्रणात पोर्टनॉयच्या हातून मला पिअर्टच ऐकू येतो, रट्सी नाही. त्याने पिअर्टलाच नमस्कार केला, आणि ते त्याच्या दृष्टीने योग्यच होते. निलेसने मात्र निदान पहिल्या कडव्यापुरते रट्सीच्या साध्या, मोकळ्या, जागा सोडणाऱ्या ठेक्यापर्यंत मागे जावे आणि मग तिथून आपल्या हातांनी पुढे यावे, असे मला मनापासून वाटते.